तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोशॉपसाठी बी.ए. कशाला?

पत्रिका छापायला येणारे आईवडील जाता जाता हमखास विचारतात, "आमच्या पोरीला ते डिझाइन शिकायचंय. तुम्ही पुण्यात बी.ए. केलंत ना त्यात? तीन वर्षं कशाला पण? यूट्यूबवर दोन महिन्यांत येतं म्हणे."

येतं की. बारावीत असतानाच मी सातारच्या पोवई नाक्याजवळ काकांच्या फ्लेक्सच्या दुकानात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसायचो. एका बॅनरवर भावी नगरसेवक, त्यांचे मार्गदर्शक आणि तीस-चाळीस शुभेच्छुक बसवायचे, शिवाय कुणाचा चेहरा कुणापेक्षा लहान दिसता कामा नये. (ही कला कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.) नुसत्या सॉफ्टवेअरसाठी फी भरणार असाल तर भरू नका.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा कासकडच्या एका होमस्टेचं माहितीपत्रक करायला घेतलं. कॉलेजातून आल्याची ऐट होती, म्हणून काकांचा जुना फॉंट सोडून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत, टाइप केलं. पाचशे प्रती छापल्या. काकांनी पहिली प्रत हातात घेतली आणि म्हणाले, "आरं लेका, सह्याद्रीत दर्या कुठनं आणलास?"

मथळा होता, 'सह्याद्रीच्या दर्यांत दोन दिवस'. हवं होतं 'दऱ्यांत'.

काकांच्या फॉंटात तो वाकडा अर्धा र वेगळ्या कळीवर होता, बोट आपोआप तिथं जायचं. युनिकोडमध्ये र, हलन्त, य असं टाइप केलं की रफार येतो आणि दरीचा समुद्र होतो. तिथं खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. पाचशे प्रती रद्दीत गेल्या. पैसे काकांनीच भरले, आणि तो विषय ते अजून काढतात.

सुट्टी संपल्यावर हे मराठीच्या मॅडमना सांगितलं. आर्ट्सला असल्यामुळे मराठीचा पेपर होता, नाहीतर आम्ही डिझाइनवाले त्या वर्गाकडे फिरकलो नसतो. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'आचार्यांना जेवण दिलं', 'आचाऱ्यांना जेवण दिलं'. मग त्यावर तासभर. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही, मराठीला पदोपदी पडते. आपल्या गावात राहतो एवढं लिहायचं तरी 'साताऱ्यात' लागतं! तेव्हापासून फॉंट निवडताना मी सगळ्यात आधी हेच अक्षर तपासतो.

त्याच तासाला कळलं की काकांच्या फॉंटातला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. छपाईला चालतं, पण वेबसाइटवर टाकलं तर फॉंट नसलेल्याला कचरा दिसतो आणि शोधणाऱ्याला ते सापडतही नाही. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, आणि काकांकडे अजून जुन्या फायलींनी भरलेल्या दोन हार्ड डिस्क आहेत.

दुसऱ्या वर्षी सरांनी आपापल्या भागातलं एखादं संग्रहालय पाहून यायला सांगितलं. अट एकच, एका चित्रासमोर तासभर बसायचं, मोबाइल बंद. मी आमच्या जिल्ह्यातल्या औंधला गेलो. लहानपणी यमाईला जाताना ते संग्रहालय बाहेरूनच पाहिलेलं. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ. मग एका लघुचित्रात दिसायला लागलं की माणसं कोपऱ्यात आहेत आणि उरलेली सगळी जागा चित्रकाराने मोकळी सोडली आहे. माझ्या बॅनरवर एवढ्या जागेत बारा शुभेच्छुक मावले असते. पेढ्याच्या खोक्यावर जागा सोडायला गिऱ्हाइकाला राजी करायचं म्हणजे आजही घाम फुटतो, पण का सोडायची ते आता मला सांगता येतं.

सगळं असं नव्हतं. एक अख्खं सत्र बंद पडलेलं सॉफ्टवेअर शिकवण्यात गेलं. आणि फ्लेक्सचंच दुकान चालवायचं असेल तर तीन वर्षं खरोखर जास्त आहेत. काका दहावीनंतर थेट मशीनवर बसले आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतात.

अलीकडे कुणी विचारलं की मी बोलायच्या आत काकाच कीबोर्ड त्या पोरीपुढे सरकवतात. "'साताऱ्यात' लिहून दाव बघू."