वाघिणींवरील मालकीची अक्षरे विलीनीकरणानंतर लगेच का बदलत नाहीत

रेल्वे कंपन्यांचे विलीनीकरण ठरलेल्या तारखेला होते. वाघिणींच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्यांच्या, अंगावरील मालकीची अक्षरे मात्र त्यानंतर कित्येक वर्षे रेंगाळतात. हा कारभाराचा ढिसाळपणा आहे असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे, आणि ते पटवून देण्यासाठी सोलापूर जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही.

१८६० साली सोलापुरात ‘जीआयपी’, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आली. होटगीला गदगकडून येणारी मीटरगेज पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होती, तर कुर्डुवाडीहून एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज निघत असे. एका जिल्ह्यात तीन मालक आणि तीन रूंदीचे रूळ होते. १९५१ मध्ये जीआयपी, निजाम, शिंदे आणि धोलपूर या रेल्वे एकत्र येऊन मध्य रेल्वे झाली, मद्रास अँड सदर्न मराठा दक्षिण रेल्वेत गेली आणि १९५४ मध्ये बार्शी लाइटही मध्य रेल्वेत आली. पुढे २ ऑक्टोबर १९६६ रोजी सोलापूर विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेला जोडला गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेकडे परत आला.

वाघिणीवरील अक्षरे शोभेसाठी नसतात. एका कंपनीची वाघीण दुसरीच्या रुळांवर गेली की तिच्या वापराचे भाडे मूळ मालकाला द्यावे लागते आणि हिशेबनीस ते अक्षरे व क्रमांक पाहूनच लावतो. दोन कंपन्यांकडे एकाच क्रमांकाच्या वाघिणी असू शकतात. अक्षरे घाईने पुसली तर त्या दोन्ही नोंदवहीत एकच होऊन बसतात. म्हणून आधी नोंदी जुळवायच्या आणि मग वाघीण कारखान्यात आली की रंग द्यायचा, हाच शहाणपणाचा क्रम ठरतो. बार्शी लाइटच्या वाघिणींपुढे मात्र हा प्रश्न फारसा नव्हता, कारण रुळांची रुंदीच वेगळी असल्याने त्या ब्रॉडगेजवर जाऊच शकत नव्हत्या. कुर्डुवाडीला माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे.

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा जुन्या क्रमांकापुढे एक अक्षर जोडण्यात आले: लंडन मिडलंड अँड स्कॉटिशच्या वाघिणींना ‘एम’, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या वाघिणींना ‘ई’, ग्रेट वेस्टर्नसाठी ‘डब्ल्यू’ आणि सदर्नसाठी ‘एस’. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण नवा मालकही कळतो आणि जुना वंशही लपत नाही.

अमेरिकेत तर जुनी अक्षरे हीच मालमत्ता मानली जाते. युनियन पॅसिफिकने १९९५ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न आणि १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक घेतली, पण त्यांच्या अक्षरांचा हक्कही तिच्याकडेच आल्यामुळे ती अक्षरे असलेल्या वाघिणी तशाच धावत राहिल्या. त्याहून विलक्षण घटना १९९९ मधील आहे. कॉनरेलचे मार्ग आणि वाघिणी नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांच्यात वाटल्या गेल्या, तेव्हा पहिलीच्या वाट्यासाठी पेनसिल्व्हेनिया रेलरोडची ‘पीआरआर’ आणि दुसरीच्या वाट्यासाठी न्यूयॉर्क सेंट्रलची ‘एनवायसी’ ही अक्षरे पुन्हा वापरात आली. त्या दोन्ही कंपन्या १९६८ च्या विलीनीकरणातच संपल्या होत्या! कोणती वाघीण कोणाच्या वाट्याची, हे दाखवण्यासाठी तीस वर्षांपूर्वीची आद्याक्षरे उपयोगी पडावीत, यापेक्षा चांगला पुरावा माझ्यापाशी नाही.

आपल्याकडे सगळ्या क्षेत्रीय रेल्वे सरकारच्याच असल्याने अक्षरांवरून मालकीहक्काचा वाद होत नाही, तरी नोंद लागतेच. वाघिणीच्या अकरा आकड्यांच्या क्रमांकातील तिसरा आणि चौथा आकडा मालक रेल्वे सांगतात, पाचवा आणि सहावा बांधणीचे वर्ष. प्रवासी डब्यांवरील क्षेत्रीय रेल्वेची अक्षरे मात्र क्रमांकात नसतात, ती नुसती रंगवलेली असतात. सोलापूर स्थानकात उभ्या असलेल्या एका जुन्या निळ्या डब्यावर मी नुकताच ताज्या रंगाचा एक आयत पाहिला, त्यावर ‘म.रे.’ लिहिले होते आणि तिरप्या उन्हात त्याखालच्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. शेजारचा क्रमांक जुन्याच वळणाचा होता आणि त्याला कोणी हात लावलेला नव्हता.