कूलर उघडला तेव्हा

माझं माहेर रत्नागिरीचं. तिकडे उन्हाळा म्हणजे घाम, पंखा आणि दुपारी पडवीत लोळणं. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेली ती पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या (पाणी झिरपत राहतं त्या भरलेल्या चौकटी) आणि आत घरघरणारा पंखा, हे सगळं मी लग्न होऊन नागपूरला आल्यावर पहिल्यांदा जवळून पाहिलं. पहिल्या एप्रिलमध्ये मी शहाणपणा करून खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावली आणि कूलर सुरू केला. तासाभरात अंगाला चिकचिक, चादर दमट. थेट माहेरी आल्यासारखं वाटलं! सासूबाई आल्या, समोरची खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "हा एसी नाही बाई. याले हवा जायले जागा पाहिजे ना."

मग कळलं की कूलरचा सगळा खेळ कोरड्या हवेवर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणजे विजेच्या हिशोबात साधारण दोन-तृतीयांश युनिट. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की ताटीवरचं पाणी भराभर उडतं. रत्नागिरीत हाच कूलर नुसता ओला वारा फेकेल. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नागपुरातही तेच होतं.

आमची चूक तिथेच झाली होती. गेल्या वर्षी पाऊस आला, हवा कोंदट झाली, आम्ही कूलरचा पिन काढला आणि विसरलो. टाकीत दोन-तीन इंच पाणी तसंच होतं. ऑगस्टमध्ये डासअळ्या तपासायला दोन बायका आल्या, त्यांनी बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. पाण्यात वळवळ चालली होती. मी ओशाळून पाणी ओतून दिलं, वरून मोठं प्लास्टिक घट्ट गुंडाळलं आणि स्वतःवर खूश झाले.

यंदा होळीच्या आधीच्या रविवारी ते प्लास्टिक सोडलं. ताट्यांमधलं वूडवूल (लाकडाचे बारीक तंतू) काळं पडून हातात चुरा होत होतं, आणि टाकीच्या तळाशी गंजाचे एवढाले पोपडे. नेहमीच्या कूलरवाल्या काकांना फोन केला तर त्यांची बारा दिवसांची यादी लागलेली. "तोवर तुम्हीच साफ करून ठेवा वहिनी, मी येऊन फक्त पाहून घेतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता का? मंग काय, वाफेत शिजला तो."

नवऱ्याला ऑफिसचं काम होतं. (दर रविवारी असतं.) मी अंगणात बसले. शेजारचे काका कुंपणावरून त्याला म्हणाले, "काऊन जी, वहिनी करून राहिल्या अन् तुम्ही लॅपटॉप घेऊन बसले?" तेव्हा तो निदान ताट्या आणायला गेला. मार्च लागला की इथे रस्त्याच्या कडेला ताट्या भरून देणारे बसतात. जुनी चौकट दिली की नवीन वूडवूल भरून, जाळी आवळून देतात. वाळ्याची ताटी घ्यावी असं माझ्या फार मनात होतं, पहिल्या पाण्याला त्याचा वास घरभर पसरतो. पण भाव ऐकून एकच घेतली, मधल्या बाजूसाठी.

टाकी घासायला सबंध सकाळ गेली. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. पाणी आलं की फुटतात. म्हणून भिंती तारेच्या ब्रशने खरवडल्या. गंज निघाल्यावर तळाला टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं दिसली. ती एम-सीलने बुजवली आणि वाळल्यावर आतून डांबरी रंगाचे दोन हात दिले.

आम्ही कूलरला बोअरचं पाणी घालतो, त्यामुळे पंपाची अवस्था वाईट होती. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि दिवसेंदिवस टाकीतलं पाणी जास्तच खारं होत जातं. पंपाचं चाक पांढऱ्या खड्यासारखं घट्ट बसलं होतं. गरम पाण्यात लिंबूसत्त्व टाकून रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी बोटाने फिरलं. वरच्या नळीची भोकं दाभणाने एकेक करून मोकळी केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण एक भोक जरी बंद राहिलं तरी ताटीवर त्याखाली कोरडा पट्टा राहतो आणि तिथून थेट गरम झळ आत येते.

सगळं जोडून बटण दाबलं तर पंखा नुसता हुंऽऽ करत राहिला. लगेच बंद केला. माझ्या मते मोटर जळाली होती, आणि नवऱ्याने नव्या कूलरचे भाव बघायलाही सुरुवात केली. कूलरवाले काका आले, त्यांनी काठीने पात्याला धक्का दिला आणि पंखा फिरायला लागला. "कंडेन्सर गेला." म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा. जुन्यावर ४ मायक्रोफॅरड लिहिलं होतं, तेवढ्याचाच नवीन लावला. दहा मिनिटांचं काम.

जाता जाता त्यांनी टेस्टर टाकीला लावला आणि दिवा लागला.

आमच्या घरात "कूलरला चप्पल घालूनच हात लावायचा" असा नियम आहे. झिणझिण्या येणं म्हणजे कूलरचा स्वभावच, असं सगळे धरून चालले होते. मीही कधी विचारलं नाही. पंपाच्या वायरला टाकीच्या आत एक जोड होता, त्यावर नुसती चिकटपट्टी, आणि तो पाण्यात बुडत होता. त्याहून भयंकर म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचं वरचं, मोठं भोक पोकळ निघालं. अर्थिंगची वायर तिथवर आलेलीच नव्हती! तीन पिनांचा प्लग इतकी वर्षं आम्ही विश्वासाने त्यात खुपसत होतो. त्या दिवशी मला खरोखर राग आला, घर बांधणाऱ्या कंत्राटदाराचा आणि आमचाही. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग ओढून घेतली, मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवली, आणि पंपाला अखंड, बिनजोडाची वायर टाकली. कूलरवर झालेल्या एकूण खर्चापेक्षा हा खर्च मोठा होता. सासूबाई अजूनही चप्पल घालूनच पाणी भरतात, आणि मी त्यांना थांबवत नाही. पाणी भरताना प्लग मात्र आता काढलेला असतो.

उन्हाळा छान गेला. दर शनिवारी टाकी रिकामी, घासणं, दिवसभर कोरडी ठेवणं. नवतपाच्या दिवसांत, २५ मेनंतर, एक शनिवार चुकला, कबूल करते. दुपारभर कूलर बंद ठेवायची कुणाचीच छाती नव्हती.

आणि जूनमध्ये, पाऊस यायच्या आधीच, मी तो उघडला. ताट्या काढून उन्हात टाकल्या, टाकी पुसून दोन दिवस पालथी ठेवली, पंप काढून घरात आणला, पंख्याच्या बुशला तेलाचे दोन थेंब सोडले. या वेळी प्लास्टिक नाही. जुन्या सुती चादरीचं आवरण, आणि वरच्या पागोळ्या लागू नयेत म्हणून पत्र्याचा तुकडा. आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: पंप माळ्यावर, निळ्या डब्यात. कंडेन्सर ४. मधली ताटी वाळ्याची आहे, फेकू नये.