एकतीस हार्डडिस्क, चार टेप

नौपाड्यात माझा छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलनं, अधूनमधून गडकरी रंगायतनमधला एखादा प्रयोग. वीस वर्षांचं फुटेज एकतीस एक्स्टर्नल हार्डडिस्कमध्ये होतं आणि त्या डिस्क माळ्यावर बुटांच्या खोक्यांत. ओळखीच्या एका हौशी नाट्यसंस्थेनं २०१४च्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मागितलं, म्हणून सतरा नंबरची डिस्क खाली काढली. लावली, तर टक्... टक्... टक्. केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला. आवाज तोच.

डेटा रिकव्हरीवाल्यानं ती उघडली. हेड चकतीवर घासत गेलं होतं, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखे गोल ओरखडे. "पैसे घेईन, पण हातात काही देता येणार नाही," असं त्यानं तोंडावर सांगितलं. त्याचा हा सरळपणा मला आवडला.

खरी चिडचिड पुढे झाली. त्याच माळ्यावर मिनी डीव्ही कॅसेटचा एक डबा सापडला. त्यात त्याच संस्थेचा २००६चा प्रयोग. जुना कॅमेरा चार्ज करून कॅसेट घातली, तर लागली की! दोनतीन ठिकाणी चित्र चौकटी-चौकटी झालं, बाकी स्वच्छ. आठ वर्षांनी मोठी असलेली कॅसेट जिवंत आणि डिस्क मेलेली.

भाऊजी ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात नवल काय? हार्डडिस्कमध्ये मोटर, हेड, सर्किट आणि तुझा माल, सगळं एकाच डबीत कोंबलेलं. त्यातलं काहीही बिघडलं की माल अडकला. टेपमध्ये नुसता माल असतो, यंत्र बाहेर. यंत्र बिघडलं तर दुसरं आणायचं."

"भाऊजी, पण आजच्या काळात टेप?"

"२०११मध्ये जीमेलच्या काही खात्यांतल्या मेल उडाल्या होत्या. त्या गूगलनं कशावरून परत आणल्या, माहितीय? टेपवरून. सॉफ्टवेअरच्या चुकीनं ऑनलाइन प्रती एकदम जाऊ शकतात. कपाटातल्या टेपला ती चूक कळतच नाही."

तिथून माझा वर्षभराचा खटाटोप सुरू झाला.

आजकाल टेप म्हणजे एलटीओ. तळहातावर मावेल अशी चौकोनी कार्ट्रिज, आत अर्धा इंच रुंदीची एकच रीळ. पहिली पिढी २००० साली आली, तिच्यात १०० जीबी मावायचे. मी आठवी पिढी घेतली, तिच्यात १२ टीबी मावतात. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ३० टीबी छापलेलं असतं. तो आकडा डेटा दाबून बसवल्यानंतरचा. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तो आणखी काय दबणार? आमच्या धंद्यातल्यांनी १२च धरावेत.

टेप स्वस्त, तेवढ्या क्षमतेच्या हार्डडिस्कच्या निम्म्याहूनही कमी किमतीत येते. ती लिहिणारं-वाचणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, मात्र नवा घ्यायचा तर लाखांत जातो. डिस्क दोनचारच असतील तर या भानगडीत पडू नये. मला भाऊजींच्या ओळखीनं महाप्याच्या एका कंपनीतून बाहेर पडलेला ड्राइव्ह मिळाला. तो यूएसबीवर चालत नाही, कॉम्प्युटरमध्ये सॅस नावाच्या जोडणीचं वेगळं कार्ड बसवावं लागतं. कार्ड आणलं, तर कार्डाचं तोंड एक आणि ड्राइव्हचं दुसरं. मधल्या केबलसाठी लॅमिंग्टन रोडला दोन खेपा झाल्या.

सुरुवातीला मी जुन्या डिस्कवरून थेट टेपवर कॉपी लावली. ड्राइव्ह घर्र करून धावायचा, थांबायचा, थोडा मागे जायचा, पुन्हा घर्र. मला वाटलं, सेकंडहँडच्या नावाखाली भंगार गळ्यात मारलं. भाऊजींना फोनवर तो आवाज ऐकवला. ते हसले. "अरे, त्याला उपाशी ठेवतोयस तू." ड्राइव्हला सेकंदाला ३०० एमबी लिहिता येतं. बारक्या फोटोंनी भरलेली जुनी डिस्क त्याच्या पासंगालाही पुरत नाही. डेटा संपला की टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा वेग धरायचा, यात टेपही झिजते आणि हेडही. मग आधी सगळं एका वेगवान एसएसडीवर गोळा करायचं आणि तिथून टेपवर, अशी पद्धत बसवली. आवाज एकसुरी झाला. १२ टीबी भरायला अकरा-साडेअकरा तास लागतात आणि तेवढ्यात ९६० मीटरची ती रीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत २०८ वेळा धावते.

टेपवर एलटीएफएस, म्हणजे टेपवर फाइली मांडायची पद्धत, घातली की ती कॉम्प्युटरवर साध्या फोल्डरसारखी दिसते. पेनड्राइव्हसारखी वापरायला मात्र जाऊ नये. फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. आणि कुठली फाइल कुठे आहे याची यादी टेप नीट बाहेर काढताना पक्की होते. दुसऱ्या टेपच्या वेळी रात्री लाइट गेली. माझा यूपीएस वीस मिनिटांचा, तोही झोपला. सकाळी टेप उघडेचना. दुरुस्तीची आज्ञा देऊन दिवसभर बसून राहिलो, संध्याकाळी शेवटची एक फाइल सोडून सगळं परत दिसलं. त्यानंतर रात्रीची कॉपी बंद.

एकतीस डिस्कमधल्या दोनदोनदा ठेवलेल्या फाइल काढून टाकल्यावर ३८ टीबी उरले. म्हणजे चार टेप, आणि दुसऱ्या प्रतीच्या आणखी चार. भरून झाल्यावर कार्ट्रिजच्या कडेची बारीकशी लाल खिटी सरकवली की ड्राइव्ह तिच्यावर काही लिहायला नकार देतो. लहानपणी ऑडिओ कॅसेटचं कोपऱ्यातलं पान मोडायचो, तसंच.

टेप तीस वर्षं टिकते म्हणतात, पण १६ ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आत दमटपणा असेल तर. जुलैत आमच्या ठाण्यात भिंतींना घाम फुटतो, लेन्सला बुरशी लागते. म्हणून टेप कॅमेऱ्यांच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवल्या.

दुसरी प्रत कोपरखैरण्याला ताईकडे. चार टेप सॅकमध्ये टाकल्या आणि वाशीची लोकल पकडली. माझ्या १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवरून तेवढं क्लाउडवर चढवायला महिनाभराहून जास्त लागला असता, लोकलनं पाऊण तासात पोचलं, त्यात प्लॅटफॉर्मवरचा वडापावही धरला आहे. ताईनं कपाट उघडलं, साड्यांच्या शेजारी जागा केली आणि वर चार डांबरगोळ्या टाकायला निघाली.

"अगं ताई, गोळ्या नको!"

"कसर लागली म्हणजे?"

शेवटी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आणि डबा डांबरगोळ्यांपासून लांब वरच्या कप्प्यात गेला.

आता एक खोच, जी विकणारे आपणहून सांगत नाहीत. रीळ तीस वर्षं टिकेल, ती वाचणारा ड्राइव्ह तेव्हा मिळेलच असं नाही. माझा ड्राइव्ह सातवी आणि आठवी पिढी वाचतो, सहावी नाही. नववीचे ड्राइव्ह आठवी वाचतात. २०२५मध्ये दहावी आली, तिचा ड्राइव्ह मागची एकही पिढी वाचत नाही. म्हणजे आठदहा वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवायचं काम माझ्या मानेवर आहेच. वहीत पहिल्या पानावर ते तारखेसह लिहून ठेवलंय. त्याच वहीत दर सहा महिन्यांनी एका टेपवरची कुठलीही पाच फुटेजं परत उतरवून पाहिल्याची नोंद असते. आतापर्यंत दोनदा केली, दोन्ही वेळा सगळी जशीच्या तशी आली.

२०१४चा प्रयोग गेला तो गेलाच. २००६ची कॅसेट मात्र जुन्या फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर घेतली. तासाला तास लागतो, घाई चालत नाही. ती पहिल्या टेपवर पहिली फाइल म्हणून लिहिली. मग संस्थेच्या काकांना फोन केला, तेव्हाच्या प्रयोगात ते स्वतः होते. संध्याकाळी आले, अर्धा तास स्वतःचे काळे केस बघत बसले, आणि उठताना खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"यात टाकून दे रे. हा बरा, जपून ठेवता येतो."