बटणं काढून घेतलेले शर्ट

भाचीचा पुण्याहून फोन आला तो भर दुपारी अडीचला. उन्हाळ्यात ही काही सोलापुरात फोन करायची वेळ नव्हे. पंखासुद्धा गरम वारा खाली ढकलत असतो आणि माणूस फरशीवर आडवा असतो. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. ऑफिसात वाटायला चांगली शेंगापोळी कुठे मिळेल, आणि आजीच्या कपाटातल्या साड्यांचं काय करायचं. तिची आजी म्हणजे माझी आई. भाचीने दोन्ही एका दमात विचारलं आणि मला त्यात काही विजोड वाटलं नाही. जुने कपडे दिले की आमच्याकडे डबा यायचा आणि डबा आला की त्यात शेंगापोळ्याच जायच्या.

शेंगापोळीचं सोपं आहे. काजूकतली काचेमागे मांडलेल्या दुकानात जायचंच नाही. जिथे शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकतात, तिथे कोपऱ्यात शेंगापोळीची पाकिटं असतात. नवी पेठेत कुणालाही विचारावं. त्याहून बरं म्हणजे घरी करून देणारी एखादी अक्का गाठावी आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावं. घेताना कडा बघायची. सारण कडेपर्यंत गेलेलं असलं तर करणारीचा हात चांगला. नुसत्या कणकेची जाड किनार असेल तर पाकीट खाली ठेवावं आणि भाव विचारल्याची लाज बाळगू नये. सारणात भाजलेल्या शेंगांचं कूट आणि गूळ, पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती प्रवासात टिकते. तूप लावून खावी. दुधात कुस्करून खाणारे आमच्या घरातही आहेत, त्यांच्याशी मी त्या विषयावर बोलत नाही.

हुग्गीचं मात्र तसं नाही. ती खरी खायची तर लग्नाच्या किंवा जत्रेच्या पंगतीत. अख्खे गहू, गूळ, वर तूप, आणि वाढणारा ‘अजून घ्या की’ म्हणत उभा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू मैत्रिणीच्या घरी बतुकम्माच्या सणाच्या दिवसांत मलिदा मिळायचा, तोही दुकानातून आणलेला कधी पाहिला नाही. या गावात गोड खायचं तर पत्त्यांपेक्षा ओळखी जास्त लागतात.

आता साड्या. भाचीला आधी सांगितलं की जरीच्या बाजूला काढ. सुती आणि नायलॉनच्या एका गठ्ठ्यात, जरीच्या दुसऱ्या. पदराच्या आतल्या बाजूचा जरीचा एक धागा नखाने खरवडायचा. खाली लाल रेशीम दिसलं तर जर बहुतेक खरी, तांबूस धातू दिसला तर नकली. खऱ्या जरीत चांदी असते, आणि ती चांदीच्याच भावाने विकायची असते. कपडा घेणारे जरीवर बोलत नाहीत, ‘जुनी झालीय हो’ एवढंच म्हणतात. खरी जर घेणारे कसोटीवर घासून बघतात, मग जाळून त्यातली चांदी काढतात. आईची लग्नातली साडी जाळायची का, हे तिने तिच्या आईला विचारावं. मी त्यात पडणार नाही.

बोहारीण मात्र माझ्या डोळ्यांसमोर अजून स्वच्छ उभी आहे. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला गाठोडं, आणि ‘जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ’ ही हाक दोन गल्ल्या आधीच ऐकू यायची. आई दाराच्या पायरीवर बसायची. तिचा एक नियम होता. बाबांच्या शर्टांची बटणं आदल्या रात्रीच कापून घ्यायची. पॅंटचे हूक, परकराची नाडी, ब्लाउजच्या हुकांची पट्टी, सगळं निघायचं आणि मिठाईच्या पत्र्याच्या एका जुन्या डब्यात जमा व्हायचं. तो डबा हलवला की खुळखुळ वाजायचा. बोहारीण शर्ट उन्हात धरून बघायची, कॉलर उलटी करायची, काखेत बोट घालायची आणि म्हणायची, “ताई, काय करलालाव, बटणं बी ठेवली नाही.” आई ऐकलंच नाही असं दाखवायची.

मग डबा. कडीचा, स्टीलचा. आई त्याच्या बुडाला बोटाचं पेर आपटून आवाज ऐकायची, झाकण फिरवून बघायची, एक पोचा शोधून काढायचीच. बोहारीण डबा परत टोपलीत ठेवायची. आई शर्ट परत घरात नेल्यासारखं करायची. सर्वांत चांगली टेरिकॉटची पॅंट शेवटपर्यंत तिच्या मांडीखाली असायची. सौदा तुटतोय असं वाटलं की ती बाहेर यायची आणि दोघी हसायच्या.

आजोबा आत खाटेवर. ते १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या साचेखात्यात होते. हयातभर कापड विणलेला माणूस, पण तो ह्या सौद्याकडे कधी बघायचा नाही. एकदाच म्हणाले होते, “पोत चांगला होता त्याचा.”

सगळंच काही गाठोड्यात जायचं नाही. बाबांची बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, कधी गेली नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाबरोबर निघताना घालायची ती पांढरी, दर संक्रांतीला निळीत बुडवून वाळत पडायची. चादर तर इथे कोणी देतच नाही. सोलापुरी चादर अंथरुणावरून उतरली की प्रवासाच्या गठ्ठ्याला गुंडाळली जाते, मग स्कूटरच्या सीटवर, मग दारात पायपुसणं. तोवर घरात दुसरी पिढी आलेली असते. उरलेल्या लुगड्यांच्या वाकळी व्हायच्या.

हल्ली हाक क्वचित येते, आणि टोपलीत प्लास्टिकचे टब जास्त असतात. जीन्सला भाव नाही म्हणे.

सौदा संपला की आई बोहारणीला चहा द्यायची. न विसरता द्यायची, हे खरं. पण तिची कपबशी वेगळी असायची. कान तुटलेली, न्हाणीच्या खिडकीत पालथी घातलेली. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. तिच्याकडून घेतलेला डबा आधी राखेने घासला जायचा, नंतर चिंचेने, आणि मग त्यात शेंगापोळ्या भरायच्या. त्यातली एक तिला कधी दिलेली मी पाहिली नाही. एकदा ती कपबशी फुटली. आईने तिच्यासाठी दुसरी आणली, चांगली फुलाफुलांची. तीही न्हाणीच्या खिडकीतच ठेवली.