स्लो कुकरमधलं चिनी नूडल सूप, बोकडाच्या मटणाचं

मूळ पदार्थ बीफचा. तैवानमध्ये तो लाल, तिखटसर रश्श्याचा करतात, चीनमधल्या लान्झोऊ शहरात नितळ रश्श्याचा. कर्नाटकात गोहत्याबंदी आहे, तेव्हा बेळगावात बोकडाचं मटणच धरायचं. आणि करायचा तर लालच. नितळ रश्श्यात बोकडाचा वास लपत नाही.

चौघांसाठी १ किलो मटण लागतं. गुडघ्याखालचा भाग आणि तीन-चार नळ्या मागून घ्या. चाप नकोत. आठ तासांत ते कोरडे पडून त्यांचे दोरे होतात. पायाकडच्या शिरा मात्र हळूहळू विरघळतात आणि रश्शा ओठांना चिकटेल इतका दाट होतो.

स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणारं विजेवरचं भांडं, फक्त मधलं काम करतो, सुरुवात गॅसवरच. मटण गार पाण्यात घालून उकळी आणा. पाच मिनिटांत करडा फेस वर येईल. ते पाणी ओतून द्या, तुकडे धुऊन कुकरात टाका.

आता कढईत ३ मोठे चमचे तेल. त्यात ४० ग्रॅम आल्याचे काप, १२ लसूण पाकळ्या, कांदापातीचे पांढरे भाग, २ टोमॅटो आणि २ मोठे चमचे दोबानजियांग. ही आंबवलेल्या मिरचीची पेस्ट ऑनलाइन मिळते. नसेल तर आठ ब्याडगी भिजवून वाटा. रंग झकास येतो, आंबवलेली चव मात्र येत नाही. मंद आचेवर तर्री सुटेपर्यंत परता, मग मटणावर कुकरात ओता. स्लो कुकर उकळत्या पाण्याच्या पुढे तापत नाही, त्यामुळे इथे कच्चं राहिलं ते शेवटपर्यंत कच्चंच लागतं.

पुरचुंडीत २ चक्रीफुलं (तिसरं घातलंत की काढा प्यायल्यासारखं लागतं), बोटभर दालचिनी, २ तमालपत्रं आणि चमचाभर तिरफळ, बिया काढून. सिचुआन मिरी या तिरफळाच्याच गोतातली, जीभ तशीच झिणझिणते. वर ४ मोठे चमचे सोया सॉस, १ चमचा डार्क सोया, १५ ग्रॅम खडीसाखर. गूळ नको, त्याची चव सगळ्यांच्या वर चढते.

गरम पाणी सव्वा लिटरच घाला. झाकणातून वाफ फारशी जात नाही, रश्शा आटत नाही. मीठ शेवटी, कारण सोया आधीच खारट. लो वर आठ तास. दर वेळी झाकण उघडलंत की वीस-पंचवीस मिनिटं वाढली म्हणून समजा. करंट जाऊन दोन तासांवर भांडं कोमट राहिलं असेल तर ते टाकून द्या. अर्ध्या तासाचाच खेळ असेल तर झाकणाला हात लावू नका, परत आला की गॅसवर खळखळ उकळून मग कुकरात घाला.

नूडल्स वेगळ्या उकळा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर कमी. रश्श्यात शिजवल्या तर पिठूळ होतो. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि टाळूला धरते, म्हणून वाडगे गरम पाण्याने तापवून घ्या, रश्शा उकळता ओता. वर कांदापात, वाफवलेला पालक आणि व्हिनेगरमध्ये तासभर मुरवलेला कोबी. हा आंबट कोबी विसरू नका, त्याच्याशिवाय दुसरा वाडगा जात नाही.