असोसिएशनची वर्गणी कशाला भरायची, असं भाच्याने विचारलं म्हणून

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो डोंबिवलीत मिसळीचं छोटं हॉटेल काढतोय, बावीस माणसं बसतील एवढंच, आणि कागदपत्रं करता करता पार वैतागलाय. म्हणाला, मामी, ती हॉटेलवाल्यांच्या असोसिएशनची मेंबरशिप घ्यायलाच पाहिजे का गं, ग्रुपवर मेसेज येणार एवढंच ना, त्याला वर्गणी कशाला? मी त्याला फोनवर सांगायला लागले आणि तेवढ्यात दुपारची गर्दी सुरू झाली म्हणून फोन ठेवला, पण जे सांगायचं राहिलं ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

आमचं हॉटेल ठाण्यात, मालवणी जेवणाचं, सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, १९८६ साली काढलेलं. अठ्ठेचाळीस सीट, अकरा माणसांचा स्टाफ, परमिट रूम नाही. मी २००९ पासून गल्ल्यावर बसते. तर जे लिहितेय ते गल्ल्यावरून दिसलेलं आहे.

असोसिएशन म्हटलं की लोकांना बंदच आठवतो. १४ जुलै २०२५ ला आहारने, म्हणजे मुंबईतल्या इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशनने, बंदची हाक दिली होती. आधी परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, मग लायसन्स फी १५ टक्क्यांनी वाढली, त्यावर उत्पादन शुल्कही वाढलं, एकामागून एक. टीव्हीवर दिवसभर शटर बंद असलेले बार दाखवत होते आणि आमच्या काउंटरवर एक नेहमीचे काका म्हणाले, तुमचे लोक दारूसाठीच भांडतात वाटतं. मला ते लागलं. कारण दारूचा मुद्दा मोठा असतो, पैसा त्यात असतो, म्हणून बातमी त्याचीच होते. २००५ ची डान्सबार बंदी सुप्रीम कोर्टाने २०१३ ला उठवली त्या केसमध्येही आहारचंच नाव होतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलंय. पण वर्षाचे बाकीचे दिवस असोसिएशनच्या ऑफिसात जे चालतं ते बघायला कुठला कॅमेरा येत नाही.

म्हणजे काय चालतं? तर फूड लायसन्सचंच बघा. २०११ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा फूड सेफ्टीचा कायदा लागू झाला, तोपर्यंत आमचं जुन्या पद्धतीचं लायसन्स होतं, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं, सासऱ्यांना वाटायचं की ते आहे म्हणजे झालं. आता नवीन अर्ज, ऑनलाइन, भटारखान्याचा नकाशा काढून द्या, मशिनरीची यादी द्या, पाण्याचा टेस्ट रिपोर्ट द्या. अप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत, मला कॉम्प्युटर यायचा पण पाण्याची टेस्ट कुठून करतात ते माहीत नव्हतं. एका एजंटने एवढे पैसे सांगितले की अप्पा म्हणाले राहू दे, बघू नंतर. मुदत पुढे पुढे जात होती त्यामुळे खूप जण असेच बसले होते. मग आमच्या भागातल्या असोसिएशनने एका हॉलमध्ये दोन दिवस टेबलं मांडली, लॅबचा माणूस बोलावला, फॉर्म भरणारी दोन मुलं बसवली. आम्ही तिथे तीन तास बसलो आणि अर्ज करूनच उठलो. तो चौदा आकडी नंबर आला तेव्हा अप्पांनी पेढे वाटले होते, खरंच वाटले होते. एजंटला जेवढे द्यावे लागले असते त्यात आमची कितीतरी वर्षांची वर्गणी निघाली असती.

छोट्या हॉटेलवाल्याची अडचण हीच आहे. गुमास्ता, फूड लायसन्स, फायर, वजनमापं, प्रोफेशन टॅक्स, पीएफ, गाणी लावलीत तर त्याच्या हक्काचे पैसे, बोर्ड मराठीत मोठ्या अक्षरात, प्लास्टिकच्या पिशव्या कुठल्या चालतात कुठल्या नाहीत, हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर, आणि तोच माणूस पहाटे मच्छी आणायला जातो. मोठ्या हॉटेलात त्यासाठी वेगळं डिपार्टमेंट असतं. आमचं डिपार्टमेंट म्हणजे असोसिएशन.

जीएसटीचं तर मी विसरूच शकत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एसी नसलेल्या हॉटेलला १२ टक्के आणि एसीवाल्याला १८. आमच्याकडे आतल्या फॅमिली रूमला फक्त एसी, बाहेर पंखे. मला वाटलं बाहेरच्यांना १२ लावायचा. तर नाही, हॉटेलच्या एका भागात जरी एसी असला तरी सगळीकडे १८, पार्सललासुद्धा! बाहेर घाम पुसत राइस प्लेट खाणाऱ्या माणसाकडून मी १८ टक्के घ्यायचे. लोक बिल बघून माझ्यावर ओरडायचे, एका आजोबांनी तर ताट अर्ध्यात ठेवलं. मी एकटी कोणाला सांगणार होते? हे दिल्लीपर्यंत पोचवायचं काम संघटनांनीच केलं, आहार, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन, वेस्टर्न इंडियाची हॉटेल असोसिएशन, सगळ्यांनी निवेदनं दिली, आणि नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीच्या मीटिंगमध्ये दर बदलला, १५ नोव्हेंबरपासून सरसकट ५ टक्के. गिऱ्हाईक खूश झालं. पण त्यातली मेख अशी की इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे जागेचं भाडं एक लाख असेल तर त्यावरचे १८ हजार जीएसटीचे आम्ही भरायचे आणि ते कुठे वळते करता येत नाहीत, नवीन फ्रीज घेतला तरी तेच. बिलावर ५ दिसतात, आमच्या खिशातून गेलेले दिसत नाहीत. ते क्रेडिट परत द्या ही मागणी संघटना अजून लावून धरतायत आणि मला वाटतं ती रास्त आहे.

आता जेवणाच्या ॲपचं. २०१९ च्या १५ ऑगस्टला नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनने लॉगआउट म्हणून मोहीम काढली होती, ते एकावर एक फुकट वगैरे डिस्काउंट मेंबरशिप चालायच्या त्याच्या विरोधात, आणि शेकडो रेस्टॉरंट्स त्यातून बाहेर पडली. तेव्हा मला वाटलं होतं की हे मोठ्या शहरातल्या मोठ्या रेस्टॉरंटचं दुखणं आहे, आपल्याला काय. मग आमच्यावर आलं. एका ॲपवर (कुठलं ते नाही लिहीत) आमच्या सुरमई थाळीवर डिस्काउंट सुरू झाला, मला न विचारता, आणि महिन्याच्या शेवटी हिशोब बघते तर कमिशन, डिस्काउंट, जाहिरात असं सगळं कापून हातात जे आलं त्यात सुरमईचे पैसेही धड निघत नव्हते. मी चार वेळा मेल केला, दरवेळी तेच ठरलेलं उत्तर. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर सतरा जणांनी हात वर केले, आमच्याही बाबतीत हेच झालंय म्हणून. सतरा जणांचं एकत्र पत्र गेलं तेव्हा समोरून माणूस आला, खुर्चीत बसला, आणि माझे पैसे परत मिळाले. देशपातळीवर नॅशनलवाल्यांनी ॲपवाल्यांची तक्रार कॉम्पिटिशन कमिशनकडे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, नेली आणि एप्रिल २०२२ मध्ये कमिशनने चौकशीचा आदेश दिला. हे माझ्यासारखीने एकटीने केलं असतं का, शक्यच नाही.

कोविडबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय. फक्त एवढंच की ५ ऑक्टोबर २०२० ला अर्ध्या खुर्च्यांवर बसवून जेवण द्यायला परवानगी मिळाली तेव्हा नियमांचं लांबलचक पत्रक होतं, ते असोसिएशनने सोप्या मराठीत दोन पानांवर आणून दिलं, भिंतीवर चिकटवायला. पुढच्या एप्रिलमध्ये परत फक्त पार्सल, मग दुपारी चारपर्यंत उघडं ठेवा, म्हणजे रात्रीचं गिऱ्हाईक गेलंच की. वेळ वाढवून मिळावी म्हणून किती खेटे घातले असतील त्या लोकांनी मंत्रालयात, तेव्हा कुठे १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री दहापर्यंत आणि ऑक्टोबरमध्ये बारापर्यंत झालं. मध्ये एक महिना स्टाफला शिधा असोसिएशनमधूनच आला होता. आमचे दोघं झारखंडचे, एक नेपाळचा, बाकी गावचे, जे इथेच अडकले होते त्यांना त्या तांदूळ-डाळीने सांभाळलं.

पण मला असोसिएशनचं सगळंच पटतं असं नाही. सर्व्हिस चार्जच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही. २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक प्राधिकरणाने सांगितलं की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नका, तर नॅशनलवाले आणि हॉटेल असोसिएशन्सचं देशपातळीवरचं फेडरेशन कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी एक लाख भरायला लावले. आमच्यासारख्या हॉटेलांनी कधी सर्व्हिस चार्ज घेतलाच नाही, टिप द्यायची तर माणूस बशीत ठेवून जातो. त्या भांडणात छोट्यांचं काय होतं? एवढी ताकद तिकडे लावली ती कमर्शियल सिलिंडरसाठी लावायला हवी होती, तो एकोणीस किलोचा, दर महिन्याच्या एक तारखेला भाव वर जातो की खाली येतो याकडे जीव लागलेला असतो आमचा. मीटिंगमध्ये मी हे बोलले. काहींना आवडलं नाही, पण बोलू दिलं, ऐकून घेतलं.

आणि मला सगळ्यात जास्त किंमत कशाची वाटते तर असोसिएशन आपल्याच माणसाला रागावते तेव्हाची. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये आग लागली, चौदा जण गेले. बरीच तरुण मुलं, काही वाढदिवसाला आलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण आपापलं दार बघत होता, म्हणजे खरंच मागचं दार उघडतंय का ते बघत होता. नंतर पालिकांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि काही मालक म्हणायला लागले की असोसिएशनने मध्ये पडावं, आम्हाला त्रास होतोय. आमचे तेव्हाचे सेक्रेटरी सत्तरीचे होते, स्वतः चाळीस वर्षं इडली-डोसा विकलेला माणूस, ते उभे राहिले आणि म्हणाले, ज्याच्या मागच्या दारासमोर कोल्ड्रिंकचे क्रेट आहेत त्याच्यासाठी मी एक फोन करणार नाही. हॉल शांत. मग ते चार जणांना घेऊन हॉटेल-हॉटेल फिरले, कोणी अधिकारी नाही, आपलेच लोक. आमच्याकडे आले तेव्हा मागच्या पॅसेजमध्ये कांद्याची पोती होती. त्यांनी मला काही बोललं नाही, स्वतःच एक पोतं उचलायला वाकले. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशीपासून तो पॅसेज रिकामा आहे, आजपर्यंत. सिलिंडर किती भरलेले किती रिकामे, रबरी नळी कधी बदलली, फायर एक्स्टिंग्विशर वेटरला चालवता येतो का, हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि महिन्याने परत आले. सरकारी नोटीस आली असती तर मी पण कुरकुर केली असती.

भाच्याला फोनवर एक गोष्ट सांगायची राहिली ती मेडिकल कॅम्पची. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस, हा नियमच आहे. पूर्वी खूप जण कागदावर सही-शिक्का आणून मोकळे व्हायचे. आता असोसिएशन खरा डॉक्टर बसवते, दुपारी तीन ते सहा, म्हणजे लंच आवरल्यावर आणि डिनरच्या आधी, आणि स्टाफ आळीपाळीने जाऊन येतो. तीन वर्षांपूर्वी आमचे वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, असेच कॅम्पला गेले. एकवीस वर्षं आमच्याकडे भट्टीसमोर उभा असलेला माणूस, कधी सुट्टी नाही, कधी डोकं दुखतं म्हणून नाही. डॉक्टरांनी मलाच फोन केला, म्हणाल्या ह्यांची शुगर चारशेच्या वर आहे, आज रात्री कामाला लावू नका. त्या रात्री कालवण मी केलं. वस्ताद आता गोळ्या घेतात, दुपारी बरोबर एकला जेवतात, गर्दी कितीही असली तरी मी त्यांना जेवायला बसवते, आणि भट्टीवर तेवढा वेळ त्यांचा पुतण्या उभा राहतो.

पुढचा कॅम्प कधी आहे ते विचारलंय, तारीख कळली की भाच्याला सांगते. त्याने दोन पोरं ठेवलीयत कामाला, त्यांनाही घेऊन ये म्हणणार आहे.