निवडलेल्या ओळी अकारविल्हे लावताना

निवडलेल्या ओळी अकारविल्हे लावण्याची सोय बहुतेक प्रत्येक कोड एडिटरमध्ये (प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात) असते, आणि इम्पोर्टच्या (बाहेरचा कोड फाइलमध्ये आणणाऱ्या) ओळींसाठी किंवा सेटिंग्जच्या लांबलचक यादीसाठी ती नेमाने वापरावी, असे माझे ठाम मत आहे. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कमांड पॅलेटमधून (आज्ञांच्या यादीतून) 'सॉर्ट लाइन्स असेंडिंग' ही आज्ञा देता येते. तिला मुळात कोणताही शॉर्टकट नेमलेला नसल्यामुळे तो आपणच नेमून घ्यावा. व्हिम या एडिटरमध्ये ओळी निवडून कोलन दाबावे आणि 'सॉर्ट' लिहावे.

याचा खरा लाभ अनेकजण मिळून काम करतात तेव्हा होतो. प्रत्येकाने नवी नोंद यादीच्या शेवटीच लिहिली, तर दोन ब्रँच (कामाच्या समांतर शाखा) एकत्र करताना गिटला, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला, एकाच जागी दोन वेगळे बदल दिसतात आणि कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोणता बदल ठेवायचा हा पेच, उभा राहतो. क्रमवार यादीत मात्र नव्या नोंदी सहसा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात.

तरीही ही आज्ञा केवळ ओळी पाहते, कोड पाहत नाही. जेसन या माहिती साठवण्याच्या फाइल-स्वरूपात शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही. त्यामुळे क्रम बदलला की स्वल्पविराम नसलेली ओळ मध्ये येते, स्वल्पविराम असलेली शेवटी जाते आणि फाइल वाचलीच जात नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या यादीत शेवटचा स्वल्पविराम चालतो, म्हणून तो तिथे आवर्जून ठेवावा. एकच नोंद दोन-तीन ओळींवर पसरली असेल, तर तिचे तुकडे विखुरतात.

आकड्यांचेही तसेच आहे. अक्षरांप्रमाणे तुलना केली तर 10 हा 9 च्या आधी येतो, कारण 1 चा संकेतांक (संगणकात त्या चिन्हाला दिलेला क्रमांक) 49 आणि 9 चा 57 आहे. व्हिममध्ये 'सॉर्ट'पुढे 'एन' लिहिले की संख्येच्या मूल्यानुसार क्रम लागतो. देवनागरी मजकुराची तुलना निव्वळ युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या संकेतांकांच्या तक्त्याच्या, क्रमाने झाली, तर 'ळ' थेट 'ल'च्या मागे बसतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर नव्हे. मराठी शब्दसूची लावताना हे तपासलेच पाहिजे.

सर्वांत जपायचे ते गिटइग्नोर फाइलला, म्हणजे गिटने कोणत्या फाइली वगळायच्या ते सांगणाऱ्या यादीला. तिथे नंतरचा नियम आधीच्या नियमावर मात करतो आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ अपवाद सांगते. उद्गारचिन्हाचा संकेतांक 33 आणि सर्वसाधारण नियमाच्या सुरुवातीला बहुधा असणाऱ्या तारकाचिन्हाचा 42 असल्यामुळे संपूर्ण फाइल क्रमाने लावली की अपवाद वर सरकतो, खालचा सर्वसाधारण नियम त्याला रद्द करतो आणि जपून ठेवायची नवी फाइल कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांत) येतच नाही, तेही कोणतीही त्रुटी न दाखवता. म्हणून अशा फाइलमध्ये दोन टिपांच्या (कमेंटच्या ओळींच्या) मधल्या, परस्परांवर अवलंबून नसलेल्या ओळीच तेवढ्या निवडाव्यात.